पहिल्या क्रमांकाची मागणी

आमदार जेवायला येणार म्हणून सोलापुरात बाळीवेशीतल्या मंगरुळ्यांच्या घरी सकाळपासून गडबड होती. आत गव्हाची गोड हुग्गी शिजत होती, बाहेर दिवाणखान्यात भांडण. हुग्गीकडे सुंदरम्मा बघत होत्या. भांडणाकडे त्यांचे यजमान, म्हणजे व्यापारी मंडळाचे अध्यक्ष शिवशरण मंगरुळे बघत होते, आणि दोहोंपैकी काय अगोदर लागेल याची त्यांना धास्ती वाटत होती.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं होतं. त्याआधी बाजारपेठ व्यापारी मंडळाच्या मागण्या आमदारांच्या हाती द्यायच्या, आणि नुसत्या द्यायच्या नाहीत तर महत्त्वाच्या क्रमाने द्यायच्या, ही कल्पना शिवशरणांचीच. "आमदार पहिली मागणी वाचतो, दुसरीवर नजर टाकतो आणि बाकीच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवतो," असं ते मागच्या बैठकीत म्हणाले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. ते म्हणणं सगळ्यांना पटलं होतं, आणि पटलं होतं म्हणूनच आज कुणी दुसऱ्या क्रमांकावर जायला तयार नव्हतं.

"जकात," शिवशरण पुन्हा म्हणाले. "पहिली मागणी जकात रद्द करा. अख्ख्या महाराष्ट्रातला व्यापारी हेच ओरडतोय. आपण काही वेगळं सांगायचं म्हणजे हसं व्हायचं."

"अख्ख्या महाराष्ट्राला ओरडू दे की, अण्णा." धाकटा भाऊ बसवराज खुर्चीच्या टोकावर आला होता. चादरीचे यंत्रमाग त्याच्याकडे होते. "तुमचा कापडाचा गठ्ठा नाक्यावर अडला तर संध्याकाळपर्यंत सुटतो तरी. माझी वीज गेली की गेली. कामगार मागाला टेकून विड्या ओढत बसतात, आणि त्यांची हजेरी मी लावायची! वीजकपात पहिली. त्याशिवाय मी सही करणार नाही."

"आणि ज्वारी?" मेहुणे निंगप्पा वैरागहून पहाटेच्या एस.टी.नं आले होते. त्यांची धान्याची अडत होती. "वैरागची ज्वारी पलीकडं कळंबला न्यायची म्हटलं तर चोरावानी न्यावी लागती. शेतात हाय तवर लक्ष्मी, जिल्ह्याची हद्द वलांडली की गुन्हेगार! जिल्हाबंदी उठवा, हे पयलं ल्हिवा. न्हायतर मी आपला जेवून जातो."

मंडळाचे चिटणीस रामहरीपंत लेखणी वर धरून बसले होते. त्यांनी सकाळपासून 'मागणी क्रमांक एक' एवढंच चार वेळा लिहून चार वेळा कागद बदलला होता. मंडळाची इतर माणसं भिंतीला टेकून चहा पीत होती. मंगरुळ्यांच्या घरचा निकाल लागला की मंडळाचा निकाल लागला, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

शिवशरणांनी निंगप्पांना हळूच खिडकीपाशी नेलं. "दाजी, जकातीला साथ द्या. ज्वारी दुसरी घेऊ. बसवराजला काय, तो लहान आहे."

"दुसरी नक्की?"

"माझा शब्द."

निंगप्पा खाली बसले आणि म्हणाले, "तसं बघायला गेलं तर अण्णांचं बी बरोबर हाय." शिवशरणांना हायसं वाटलं. तेवढ्यात आतल्या दाराशी त्यांची बहीण महादेवी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा इकडं या." निंगप्पा आत गेले आणि लगेच परत आले. येताना त्यांचा चेहरा पडला होता.

"तसं बघायला गेलं तर," ते म्हणाले, "विजेबिगर काय चालतंय आजकाल? बसवराजचं बी बरोबर हाय."

शिवशरणांना याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. बसवराज चाटी गल्लीच्या मागे, बोळाच्या तोंडाशी, मोठ्या काचांचं दुमजली दुकान बांधणार होता. महादेवीच्या मुलाला त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसवायचा शब्द त्याने दिलेला होता. अजून पाया खोदला नव्हता, पण दुकानानं एक मत फिरवलं होतं.

ज्या जागेवर ते दुकान उभं राहायचं होतं ती जागा मधला भाऊ धोंडप्पा याच्या वाटणीची. धोंडप्पा जाऊन चार वर्षं झाली होती. त्याची बायको रत्नम्मा आता बोळाच्या अलीकडचं साड्यांचं दुकान स्वतः चालवत होती. मागची जागा मोकळी पडून आहे, तिला एकटीला काय करायची, असं घरात सगळ्यांनी आपापसात ठरवलं होतं. मंगळवारी रजिस्टर कचेरीत जाऊन ती बसवराजच्या नावे करून द्यायची होती. रत्नम्माला विचारलं तेव्हा ती "बघू" म्हणाली होती. तिच्या "बघू"चा सगळ्यांनी "हो" असा अर्थ लावला होता, कारण तो सोयीचा होता.

ती आत्ता दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. मंडळाची ती रीतसर सभासद. तिला बैठकीला बोलवावं लागे, आणि ती येई. पहिल्यांदा आली तेव्हा पुरुषांनी बंड्यांची बटणं लावून घेतली होती. उन्हाळ्यातल्या बैठकीत ती एकदाच बोलली होती. बाजारात बायकांसाठी मुतारी नाही, असं तिनं सरळ म्हटलं होतं. सांगोला-अक्कलकोटकडून बस्ता काढायला बायका येतात, दिवसभर साड्या बघतात, जायला कुठं जागा नसते. दुकानात बसणारी ती स्वतः तर रोजच. त्यावर सगळ्यांनी छताकडे, पंख्याकडे, एकमेकांच्या चपलांकडे पाहिलं होतं. रामहरीपंतांनी फार विचार करून 'स्त्री-ग्राहकांची सोय' असं लिहिलं होतं, आणि ती मागणी पंधरावी, म्हणजे शेवटची झाली होती.

त्याच उन्हाळ्यात रत्नम्मा तापानं फणफणली. लघवीची जळजळ, कंबरेत कळा. "दिवसभर पाणी पीत नाही ती, जावं लागेल म्हणून," असं सुंदरम्मांनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा शिवशरण वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं होतं.

घड्याळात साडेअकरा झाले. बाराला आमदार यायचे होते. बसवराज आता उभा राहून बोलत होता, निंगप्पा त्याच्या बाजूने हुंकार भरत होते, आणि भिंतीला टेकलेली मंडळी हळूहळू दोन बाजूंना सरकत होती. शिवशरणांना दिसू लागलं की आमदारांसमोर आपल्याच घरात आपला सख्खा भाऊ आपल्याविरुद्ध बोलणार. या जेवणावळीवर त्यांनी बऱ्याच आशा ठेवल्या होत्या. पुढेमागे विधान परिषदेवर मंडळाचा माणूस जावा, आणि मंडळाचा माणूस म्हटल्यावर दुसरं कोण, असं त्यांच्या मनात होतं. घरचं भांडण मिटवता न येणारा अध्यक्ष कुठल्या परिषदेवर जाणार?

आणि त्या अडचणीत त्यांना अशी एक युक्ती सुचली की ते स्वतःवरच खूश झाले.

"ऐका," ते हात वर करून म्हणाले. "माझी पहिली नको, बसवराज, तुझी नको, दाजी, तुमचीही नको. ज्या मागणीवर कुणाचंच भांडण नाही ती पहिली घालू. बाकी तिन्ही एका ओळीत, दोन नंबरला. झालं?"

"अशी कुठली हाय?" निंगप्पांनी विचारलं.

रामहरीपंतांनी मागण्यांचा जुना कागद वरपासून खालपर्यंत वाचला. चौदा मागण्यांवर कुणी ना कुणी हरकत घेतलेली होती. ते शेवटच्या ओळीवर थांबले आणि चष्म्यावरून शिवशरणांकडे बघू लागले.

"ती?" बसवराज म्हणाला.

"ती," शिवशरण म्हणाले. "आमदार वाचतील, हसतील, पुढं जातील. बिघडलं काय? उलट स्त्री-दाक्षिण्य दिसेल."

बसवराज हसला. निंगप्पा हसले. भिंतीकडची मंडळीही हसली. सकाळपासून पहिल्यांदाच दिवाणखान्यात एकी झाली. रत्नम्मा हसली नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि आत भाकऱ्या बघायला निघून गेली. शिवशरणांना वाटलं, बिचारी खूश झाली असेल. त्यांना आपल्या मोठेपणाचं कौतुक वाटलं.

आमदार मानसिंगराव बाराला यायचे ते दीडला आले. उंचेपुरे, मिशाळ, पायात जाड कोल्हापुरी, बोलणं गावाकडचं. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि लोडाला टेकले. "आधी काम, मग जेवान," म्हणाले. "जेवल्यावर मला झोप येती, मग तुमी काय बी मागा, मी व्हय म्हणतो. त्याचा उपेग न्हाई तुमाला."

सगळे हसले. रामहरीपंतांनी निवेदन दोन्ही हातांनी पुढे केलं. मानसिंगरावांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं आणि, शिवशरणांचा सगळा अंदाज चुकवून, मधूनच वाचायला सुरुवात केली.

"जकात रद्द. हं. शिवशरणअण्णा, जकात काढली तर महापालिका खाणार काय? झाडूवाल्याचा पगार तुमी देणार का?" त्यांनी मान हलवली. "बोलतो मी सभागृहात. दरसाली बोलतो. टाळ्या पडत्यात. वीजकपात. व्हय, बरोबर हाय. पण धरणात पाणी न्हाई ते मी कुटनं आणू? जिल्हाबंदी..." त्यांनी निंगप्पांकडे पाहिलं. "पाव्हणं, तुमी वैरागचं ना? ही बंदी घालताना मीच हात वर केलावता. आता काढा म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

निंगप्पा धोतराच्या सोग्याशी चाळा करू लागले. बसवराजनं तोंड वाकडं केलं. मग मानसिंगराव कागदाच्या वरच्या टोकाला आले.

"क्रमांक एक. स्त्री-ग्राहकांची सोय." त्यांनी वर पाहिलं. "सोय म्हंजी?"

रामहरीपंतांनी शिवशरणांकडे पाहिलं. शिवशरणांना नागपूर-मुंबईपर्यंत भाषणं करायची सवय होती. ते खाकरले, "म्हणजे... बाजारात येणाऱ्या माताभगिनींची जी एक... नैसर्गिक..." आणि तिथंच थांबले.

"मुतारी, साहेब," रत्नम्मा आतल्या दारातून म्हणाली. तिच्या हातात पाण्याचे पेले असलेलं ताट होतं. "बायकांसाठी. चाटी गल्लीत एकपण नाही."

बसवराजनं मान खाली घातली. आता आमदार हसतील आणि विषय निघून जाईल, याची शिवशरण वाट बघू लागले. मानसिंगराव हसले नाहीत. त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"बाई, तुमी दुकानात बसता?"

"व्हय. साड्यांचं आहे."

"मागल्या लग्नसराईत आमची मंडळी बस्त्याला आलीवती तुमच्या गल्लीत. सोजरबाई. सकाळधरनं साड्या बघितल्या. दुपारी तिची अशी तऱ्हा झाली की कुणाच्या तरी घराचं दार वाजवून आत जावं लागलं. परक्या घरात! तवापासनं म्हणती, सोलापूर नको, आता बस्ता पुण्याला." त्यांनी बोट उगारलं. "पुण्याला म्हंजी माझं कंबरडं मोडलं! धाकटीचं लगीन माघात हाय. अण्णा, ही मागणी पयली घातली, लई शहाणपणाचं काम केलं तुमी. कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?"

"अण्णांच्या," रत्नम्मा म्हणाली. "पहिल्या क्रमांकावर त्यांनीच घातली."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. शिवशरणांनी नम्रपणे मान लववली. दुसरं काय करणार?

"बाकीचं मुंबईच्या हातात, न्हाईतर देवाच्या. पर हे माझ्या हातात हाय," मानसिंगराव म्हणाले. "आयुक्त उद्या भेटणार हाईत. पैसा मी काढतो. पर त्यांचं एकच रडगाणं असतंय: बाजारात जागा न्हाई. तुमी जागा दावा, मी बांधकाम दावतो. आत्ता दावा. मंडळाचे समदे हितंच हाईत की!"

इतक्या जोरदार आश्वासनाची मंडळाला सवय नव्हती. पहिल्यांदा सगळे फार उत्साहात आले. एकानं मारुतीच्या देवळामागची जागा सुचवली. देवळाशेजारी दुकान असलेला गृहस्थ लगेच म्हणाला, देवाच्या जवळ बरं दिसतं का? दुसऱ्यानं भांडी गल्लीचं टोक सुचवलं. भांडीवाल्यांना ते गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं योग्य वाटलं नाही. मागणीला सगळ्यांचा पाठिंबा होता. ती कुणाच्याही दुकानासमोर, शेजारी किंवा मागे नसावी, एवढीच अट होती.

"म्हंजी जागा न्हाई," मानसिंगराव म्हणाले. "सोजरबाईला काय सांगू मग?"

"जागा आहे," रत्नम्मा म्हणाली.

तिने ताट खाली ठेवलं होतं. पदर नीट करून ती दिवाणखान्यात दोन पावलं पुढे आली. "बोळाच्या तोंडाशी मोकळी आहे. माझ्या यजमानांच्या वाटणीची, आता माझ्या नावावर. मंगळवारी तसंही रजिस्टर कचेरीत जायचंच ठरलंय. मोठ्या भावजींनीच ठरवलंय. महापालिकेला देऊन टाकते."

बसवराज ताडकन उठला. "वैनी!"

"काय हो?"

आमदारांसमोर काय म्हणणार तो? ती जागा मला हवी होती? विधवा भावजयीची जागा मी काचेच्या दुकानासाठी घेणार होतो? त्यानं शिवशरणांकडे पाहिलं. शिवशरणांना त्या नजरेतली विनवणी कळली. एक शब्द टाकला असता तर विषय पुढे ढकलता आला असता: 'घरात बोलून कळवतो.' तो शब्द त्यांच्या जिभेवर आलाही होता. पण मानसिंगराव तोवर उठून उभे राहिले होते आणि त्यांनी दोन्ही हात जोडले होते.

"याला म्हणत्यात घराणं!" ते म्हणाले. "अण्णा, भाषणं करणारे लई बघितले मी. मागणी बी तुमची आणि जागा बी तुमच्याच घरची. असं मी तरी बघितलं न्हाई." आणि त्यांनी टाळी वाजवली. मग मंडळानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात देवळाशेजारच्या आणि भांडीवाल्या गृहस्थांनी वाजवल्या. शिवशरणही टाळ्या वाजवत होते, हे त्यांना जरा उशिरा कळलं.

"नाव कुणाचं द्यायचं?" मानसिंगरावांनी विचारलं. "पाटी लागंल की. यजमानांचं देऊ का? कैलासवासी धोंडप्पा..."

"नको," रत्नम्मा पटकन म्हणाली. "त्यांना नाही आवडायचं. अध्यक्षांचं द्या."

आपल्या नावाची पाटी कुठं कुठं लागावी याची स्वप्नं शिवशरणांनी पाहिली होती. सभागृहाचं दार त्यात होतं, धर्मशाळा होती, एका शाळेची इमारतही होती. "माझं नको," ते घाईघाईनं म्हणाले. "मंडळाचं. नुसतं मंडळाचं नाव पुरे."

"एवढा मोठा माणूस, आणि नावाची हाव न्हाई," मानसिंगराव रामहरीपंतांना म्हणाले, आणि पंगतीला बसले. त्यांनी हुग्गी तीनदा घेतली. शिवशरणांच्या घशाखाली एक घास उतरला नाही.

आमदारांची जीप वळणाआड गेली आणि अंगणातच बसवराजचा आवाज चढला.

"ठरवून केलं तिनं! तुमच्या युक्तीनं माझं दुकान घालवलं, अण्णा. आता तुम्हीच आत जाऊन सांगा तिला, की आमदाराला कळवायचं, विचार बदलला म्हणून. नाहीतर माझी चूल वेगळी. आजपासून वेगळी!"

"अन् आमच्या पोराचं काय?" निंगप्पा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तसं बघायला गेलं तर आता अण्णांच्या कापड दुकानात बी गल्ला हायच की." बसवराजनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चपला शोधू लागले.

"सांगतो," शिवशरण म्हणाले. त्यांनाही राग आला होता. चारचौघांत आपली अशी फजिती करायची, तीही आपल्याच तोंडच्या शब्दांनी! काय काय बोलायचं ते त्यांनी पडवी ओलांडेपर्यंत जुळवून ठेवलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना न विचारता. वंशपरंपरेची जागा. धोंडप्पा असता तर. शेवटचं वाक्य सगळ्यांत जोरदार होतं.

स्वयंपाकघरात बायका जेवायला बसल्या होत्या. जागेचा विषय निघाल्यापासून सुंदरम्मा रत्नम्माशी कामापुरतंच बोलत असत. घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. आज त्या रत्नम्माच्या शेजारी पाट ओढून बसल्या होत्या आणि तिच्या ताटात हुग्गी वाढत होत्या. "साकु, अक्का, पुरे आता," रत्नम्मा म्हणत होती आणि त्या वाढत होत्या. समोर महादेवी शेंगांच्या चटणीत तेल घालत काहीतरी सांगत होती आणि तिचे डोळे ओले होते. की हसून हसून ओले झाले होते? शिवशरणांना दारातून नीट दिसलं नाही.

"लेकीच्या वेळी सहावा महिना होता मला," महादेवी म्हणत होती. "तुझ्याच दुकानात आले होते डोहाळजेवणाचं लुगडं घ्यायला, आठवतंय? घरापर्यंत पोचले नाही गं मी. टांग्यातच... घरी येऊन दार लावून रडले. यांना अजून माहीत नाही."

शिवशरण खाकरले. तिघींनी वर पाहिलं. महादेवीनं पदर तोंडाला लावला. रत्नम्माचा हात ताटातच थांबला. ती उठली नाही, पण तिची पाठ ताठ झाली. बोलणी खायची तयारी करूनच ती बसली होती, हे त्यांना दिसलं. आणि आपण ती ऐकवायलाच आलो आहोत, हेही.

"बोला," ती म्हणाली. "भावजी, काय बोलायचं ते बोला."

जुळवलेलं सगळं त्यांना आठवत होतं. पण सुरुवात धोंडप्पापासून करायची की वडिलांपासून, हे ठरेना. तेवढ्यात सुंदरम्माच म्हणाल्या, "बरं झालं आलात. आमचं एक अडलंय. दार कुठल्या अंगाला करायचं? महादेवी म्हणती रस्त्याकडं, म्हणजे सापडायला सोपं."

"रस्त्याकडं कसलं?" शिवशरण म्हणाले. आपण का बोललो ते त्यांनाच कळलं नाही. "अख्खी पेठ बघत बसेल, कोण आत चाललं ते. कुठली बाई जाईल? दार बोळाच्या आतून. आणि समोर आडवी भिंत पाहिजे, पुरुषभर उंच."

"तेच मी म्हणत होते," रत्नम्मा हळूच म्हणाली.

"आणि आत दिवा. बोळात चार वाजता अंधार पडतो." ते उंबऱ्यावर टेकले. "पण वीज गेली तर?"

"वर झरोका ठेवू," सुंदरम्मा म्हणाल्या.

"झरोका ठेवा. पण उंचावर."

अंगणातून बसवराजचा आवाज आला. "अण्णा! बोललात का तिच्याशी?"

शिवशरणांनी रत्नम्माकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिची ताठ पाठ जराशी सैल झाली.

"बोलतोय," ते ओरडून म्हणाले, आणि सुंदरम्मांना म्हणाले, "मला पण वाढा थोडं. सकाळपासून उपाशी आहे मी."